कपाटाची किल्ली

श्रोतेहो, नमस्कार.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि वर्गात मुलं गणपतीला किती दिवस उरले ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला लागली. असल्या दिवसांत शाळेच्या ग्रंथालयाबद्दल कोण ऐकून घेणार, असं मला वाटलं होतं. तरी बोलते. आणि सुरुवात पुस्तकापासून न करता एका किल्लीपासून करते.

मी ज्या शाळेत शिकले तिथे कार्यालयात एक काचेचं कपाट होतं. आत पुस्तकं शिस्तीत उभी. फी भरायच्या रांगेत उभं राहिलं की काचेतून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता यायची. दहावीपर्यंत ती नावं मला डावीकडून उजवीकडे पाठ झाली होती. हातात मात्र दोनच पुस्तकं आली, तीही वक्तृत्व स्पर्धेपुरती. किल्ली जुडग्यात, जुडगा खणात, खणाला वेगळं कुलूप.

पुढे मी शिक्षिका झाले. विषय विज्ञान, आणि सोबत 'ग्रंथालय विभाग' गळ्यात पडला. तेव्हा कळलं की ती किल्ली इतकी जपून का ठेवतात. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो. वर्षअखेरीला साठा पडताळणी होते. पुस्तक कमी निघालं तर उत्तर मला द्यावं लागणार. मग काय, पहिली तीन वर्षं मीही किल्ली पर्समध्ये ठेवली. आमचं कपाट लोखंडी होतं, म्हणजे मुलांना पाठीवरची नावंसुद्धा दिसत नव्हती.

कपाट उघडलं ते पावसाने. जुलैतल्या एका सोमवारी बघते तर कपाटामागच्या भिंतीला ओल आलेली, खालचे दोन खण भिजून गेलेले. पानं एकमेकांना चिकटलेली. वीज गेलेली, त्यामुळे पंख्याचा उपयोग नाही. शेवटी सगळी पुस्तकं आठवीच्या वर्गात आणली आणि बाकांवर अर्धवट उघडून उभी करून ठेवली, शेवया वाळत घालाव्यात तशी. मैदानात चिखल, खेळाचा तास बुडालेला. मुलं आत आली आणि बाकांमधून फिरायला लागली. कोणी हाक मारली नव्हती, 'वाचा' म्हणून सांगितलं नव्हतं. एक मुलगी खिडकीजवळच्या बाकापाशी उभी होती. पान ओलं होतं म्हणून पुस्तक उचलता येत नव्हतं, तर ती वाकून वाचत होती आणि पान सुटत नसलं की कंपासपेटीतली पट्टी हळूच आत सरकवत होती. जेवणाची घंटा झाली तरी ती तिथेच.

एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पहिला इतका साधा आहे की हसू येतं: पुस्तकं वापरासाठी असतात. हे सांगावं लागलं, कारण एके काळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने फळीला बांधलेली असायची. साखळ्या गेल्या, कुलपं आली. १२ ऑगस्ट हा रंगनाथन यांचा जन्मदिन आपल्याकडे राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी त्यांच्या फोटोला हार घालताना आमच्या कपाटाला कुलूप असायचं, हे मला त्या सोमवारपर्यंत कधी खटकलं नव्हतं.

आता कपाटाला दारं नाहीत. सुताराकडून उघड्या फळ्या करून घेतल्या, भिंतीपासून चार बोटं लांब. मागे वारा खेळतो. फळ्यांवर वेखंडाचे तुकडे ठेवतो, दसऱ्यानंतर पुस्तकांना ऊन दाखवतो. पहिल्या वर्षी पाच पुस्तकं गेली. त्यातली तीन मे महिन्यात घरं साफ करताना सापडली आणि आपणहून परत आली.

ओलीचं दुःख तसं आपल्या कोकणाला नवं नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला विचारा. १८६४ सालची ही संस्था. २००५च्या पुरात तिची पुस्तकं गेली, पुन्हा जमवली, आणि २२ जुलै २०२१ला पाणी पुन्हा आत शिरलं. त्यानंतरही वाचनालय उभं आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८चं. आपल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, त्याच्याही चार वर्षं आधीचं. म्हणजे मराठी वर्तमानपत्र निघण्याआधी या किनाऱ्यावर वाचनालय होतं. हे ऐकून आपली छाती फुगते, ती फुगू द्या. पण त्याच जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत पुस्तकांची पेटी बाकाखाली ढकललेली असते, हेही खरं.

कायद्याचं म्हणाल तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय: प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं हवीत. ग्रंथपाल हवा, असं मात्र त्यात नाही. मोठ्या शाळांना पूर्णवेळ किंवा अर्धवेळ ग्रंथपाल मिळतो. बाकी ठिकाणी माझ्यासारखी कोणीतरी असते, जिला त्याच तासाला शालेय पोषण आहाराची नोंदही करायची असते.

असो. मला सांगायचंय ते हलव्याबद्दल. खायच्या गोड हलव्याबद्दल नाही, माशाबद्दल.

सातवीत एक मुलगा होता. वडील तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचे प्रमुख. हा पाठ्यपुस्तकाला हात लावायचा नाही. वाचायला सांगितलं की अक्षरावर बोट ठेवून गप्प. घरातली बोली वेगळी, पुस्तकातली भाषा वेगळी, आणि चुकलं की वर्ग हसतो. मग कशाला तोंड उघडायचं? एकदा ग्रंथालयाच्या तासाला मी त्याच्यापुढे माशांचं चित्रमय पुस्तक ठेवलं आणि तिथून निघून गेले. निघून जाणं महत्त्वाचं असतं, हे मला उशिरा कळलं. दहा मिनिटांनी तो पुस्तक घेऊन टेबलाशी आला. "बाई, ह्ये चुकीचं छापलंय."

पान उघडं होतं. हलव्याचं चित्र, खाली छापलेलं 'काळं पापलेट'.

"हलवा पापलेटच्या कुळातला न्हाय. शेपटीकडं बोट फिरवलं की खरखरीत लागतं. पापलेट गुळगुळीत."

मला माहीत नव्हतं. मी विज्ञान शिकवते, पण मासा ओळखते तो ताटात. म्हटलं, शोधूया. दुसरं पुस्तक काढलं, जरा जाडं, शास्त्रीय नावं असलेलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला मासे येत नव्हते, अशी आमची जोडी. पाऊण तास लागला. पापलेट एका कुळातलं निघालं आणि हलवा दुसऱ्याच, ज्या कुळातल्या माशांच्या शेपटीच्या देठाजवळ कडक खवल्यांची ओळ असते. 'काळं पापलेट' हे इंग्रजी बाजारनावाचं भाषांतर होतं, एवढंच. छापील पुस्तकात चूक असू शकते, ती दुसऱ्या पुस्तकाने पकडता येते, आणि आपल्या बोटाला जे कळतं तेही ज्ञानच असतं, या तिन्ही गोष्टी त्या मुलाला एका दुपारी समजल्या. हल्ली याला 'माहिती साक्षरता' म्हणतात. शब्द जड आहे, पण काम हेच.

त्यानंतर तो फळ्यांपाशी घुटमळायला लागला. ग्रंथालयात पुस्तकांना विषयाचे आकडे देतात. मेल्व्हिल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली ही दशांश पद्धत काढली. तिच्यात मासे ५९७वर, पक्षी ५९८वर. मासेमारी मात्र ६३९वर, पार दुसऱ्या खणात. त्याने विचारलं, "एकच मासा, दोन घरं कशाला?" म्हटलं, एक घर जिवंत माशाचं, दुसरं धंद्याचं. त्याला ते लगेच पटलं. लहान शाळेत हे आकडे नसले तरी चालतं. पुस्तकाच्या पाठीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या तरी मूल स्वतः शोधतं आणि स्वतः परत ठेवतं. आमच्याकडे पट्ट्या मुलांनीच चिकटवल्यात, त्यामुळे दोन जादूची पुस्तकं विज्ञानात गेलीत. राहू दे.

पालक विचारतात, कोणतं पुस्तक द्यावं? मी एक युक्ती सांगते. मधलं कोणतंही पान उघडून मुलाला वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला त्याने एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ झाली तर पुस्तक सध्या जड आहे. एखाद-दुसरं बोट मिटलं तर घरी न्या. आणि मुलाने तेच पुस्तक चौथ्यांदा मागितलं तर देऊन टाका, उपदेश करू नका. 'किशोर' मासिकाचे जुने अंक आमच्याकडे असेच झिजलेत. बालभारती ते १९७१पासून काढते, आणि जुने अंक आता मोबाइलवरही फुकट वाचता येतात.

मोबाइलचं नाव निघालंच आहे तर माझी एक चूक सांगते. नववीला प्रकल्प दिला होता, 'कोकणातील कातळशिल्पे'. अकरा मुलांनी एकाच दुकानातून छापून आणलं. अकराही वह्यांत तोच मजकूर, आणि दुसऱ्या पानावर तेच वाक्य: 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.' कागदावर! मी सगळ्यांना दहापैकी आठ दिले, कारण मुखपृष्ठं छान होती. आपण शिक्षकच असे गुण देतो आणि मग मुलं वाचत नाहीत म्हणून रडतो.

पुढच्या वर्षी विषय बदलला: भरतीची वेळ. अट एकच, उत्तर तीन ठिकाणांहून आणायचं आणि प्रत्येक ठिकाणाचं नाव लिहायचं. पहिलं ठिकाण घरातली म्हातारी माणसं. त्यांचा हिशेब तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. चतुर्थी असली तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. दुसरं ठिकाण छापील तक्ता. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांच्या भरती-ओहोटीचे तक्ते काढतो. तिसरं, विश्वकोश.

मुलांनी पंधरा दिवसांच्या वेळा फळ्यावर मांडल्या. आजोबांची वेळ आणि तक्त्याची वेळ जवळपास यायची, पण जुळायची नाही. वर्गात दोन तट पडले. एक म्हणे आजोबा चुकले, दुसरा म्हणे सरकार चुकलं. मी गप्प बसले. कसोटीच होती ती माझी! तिसऱ्या दिवशी एका मुलीने विश्वकोशाचा खंड बाकावर आपटला. आजोबांच्या हिशेबात भरती दर तिथीला पंचेचाळीस मिनिटं पुढे जाते. प्रत्यक्षात चंद्र पुन्हा डोक्यावर यायला सुमारे २४ तास ५० मिनिटं लागतात, म्हणून भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी सरकते. शिवाय तिथी आणि दिवस एका मापाचे नसतात, आणि प्रत्येक बंदराची खोली नि आकार वेगळा. आजोबांचा हिशेब होडी काढायला पुरतो, तक्ता जहाज बंदरात आणायला लागतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

याच वर्गाने नंतर माझ्या मोबाइलवर आलेला एक निरोप तपासला. 'उद्या रात्री चक्रीवादळ धडकणार, सर्वांना पाठवा.' ३ जून २०२०चं निसर्ग वादळ या मुलांच्या घरांवरून गेलंय, त्यामुळे असला निरोप आला की पोटात गोळा येतो. मी तो पुढे पाठवणारच होते. मुलीने विचारलं, "बाई, 'उद्या' म्हणजे कधीचा उद्या?" निरोपावर तारीखच नव्हती. कोणी दिला तेही नव्हतं. हवामान खात्याच्या त्या दिवसाच्या पत्रकात वादळाचं नाव नव्हतं. मी पाठवला नाही.

आता शेवटचं, किल्लीचं. कपाटाची दारं गेली तरी ती अजून माझ्या पर्समध्ये आहे, सवयीने. आणि परवा देवघेव नोंदवही चाळताना एक नोंद दिसली. माशांचं ते जाडं पुस्तक, तांडेलाच्या मुलाच्या नावावर, मुदत उलटून बारा दिवस झालेले. तो आता नववीत आहे. बोलावून विचारलं.

"बाबांनी होडीवर नेलंय बाई. खलाश्यांना दाखवायला. हलव्याचं."

परतीच्या तारखेच्या रकान्यात मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: 'समुद्रात आहे.' साठा पडताळणीला काय म्हणतील ते बघू.

नमस्कार.