बाईकवर फोन, जीपीएस आणि इंटरकॉम: कॉल नेमका जातो कुठे?

नमस्कार मंडळी. ताम्हिणीत वळणावळणानं वर चढताय, फोन वाजतो. हेल्मेटला लावलेल्या इंटरकॉमचं, म्हणजे स्पीकर-माइकवाल्या ब्लूटूथ हेडसेटचं, बटण दाबता, रिंग थांबते, म्हणजे कॉल उचलला गेला. आणि हेल्मेटमध्ये शांतता. समोरचा माणूस "हॅलो, हॅलो" करतोय, पण तो आवाज येतोय जॅकेटच्या बाहीखालून. मनगटावरच्या घड्याळातून!

चॅनेलवर सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. "इंटरकॉम खराब आहे का?" "फोनचं ब्लूटूथ गेलंय का?" बहुतेक वेळा दोन्ही ठणठणीत असतात. घोळ एवढाच, की एका कॉलवर दोन-तीन उपकरणांनी हक्क सांगितलाय. आज तो हक्क एकाच्याच नावावर करून टाकू. बाकीचे प्रश्न निम्मे तिथेच मिटतात.

(हेल्मेट हातात घेऊन)

आधी दोन मिनिटं थिअरी. कंटाळू नका, हिच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

इंटरकॉम फोनला जोडला की आपण म्हणतो, "कनेक्ट झाला". पण आत दोन वेगळी कनेक्शन्स होतात. एक एटूडीपी. यातून फोनचा आवाज स्टीरिओमध्ये हेल्मेटकडे येतो: गाणी, पॉडकास्ट आणि बहुतेक वेळा मॅप्सचा आवाजही. ही एकेरी वाट आहे, तुमच्या माइकला इथे काही काम नाही. दुसरं एचएफपी, म्हणजे हँड्सफ्री. कॉलचा आवाज इथून जातो आणि येतो, माइक चालतो तो इथेच. एचएफपीचा आवाज मोनो असतो. जुन्या पद्धतीत ८ किलोहर्ट्झचं सॅम्पलिंग, म्हणजे आवाजाचे सेकंदाला आठ हजारच नमुने, आणि २०११ साली आलेल्या १.६ आवृत्तीपासून १६ किलोहर्ट्झ. गाणं छान वाजत असतं आणि कॉल आला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, तो यामुळे. स्पीकरला दोष देऊ नका.

आता मुद्द्याची गोष्ट. फोन एकाच वेळी बऱ्याच उपकरणांना जोडलेला राहू शकतो, पण चालू कॉलचा आवाज एका वेळी एकालाच देतो. मग एचएफपीवर जोडलेले तिघं असले की काय होतं? रस्त्यावर एक रिक्षा आणि हात करणारे तिघं! कधी शेवटी जोडलेल्याला कॉल मिळतो, कधी ज्याच्यावरून उचलला त्याला. कधी फोन स्वतःच काहीतरी ठरवतो. अँड्रॉइडमध्ये तर कंपनीगणिक वागणूक बदलते.

हे तिघं कोण? पहिला इंटरकॉम. दुसरं कॉलिंगवालं स्मार्टवॉच. हजार-दोन हजारांत मिळणारी, स्पीकर आणि माइक असलेली घड्याळं आता निम्म्या मनगटांवर दिसतात. तिसरा दावेदार बाईकचा कन्सोल, म्हणजे स्पीडोमीटरवाली स्क्रीन, किंवा वेगळा जीपीएस. आणि हो, बिल्डिंगच्या पार्किंगमधून निघताना घरच्या कारची इग्निशन कोणी चालू केली असेल, तर थोडा वेळ चौथाही असतो.

कन्सोलच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात, म्हणून फोड करून सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच स्कूटर आणि कम्यूटर बाईकचा कन्सोल फोनच्या ॲपशी बोलतो आणि कॉल कोणाचा, पुढे वळण कुठे, एवढंच दाखवतो. रॉयल एनफील्डनं २०२० मध्ये मीटिऑरवर आणलेला ट्रिपर हाही वळण दाखवण्यापुरताच. कॉलच्या आवाजाशी त्याचं देणंघेणं नाही, त्यामुळे भांडणही नाही. केटीएमच्या माय राइडसारख्या सिस्टीमचं मात्र वेगळं आहे. तिथे फोनही डॅशला, म्हणजे कन्सोललाच, जोडायचा आणि हेल्मेटचा हेडसेटही डॅशलाच. म्हणजे कॉल डॅशमधून पुढे जातो.

तुमचा कन्सोल कोणत्या जातीचा, हे कळायला मॅन्युअल शोधत बसू नका. हे बघा.

(फोनची स्क्रीन दाखवत)

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ, आणि जोडलेल्या उपकरणाच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह. आत काही टॉगल, म्हणजे चालू-बंद करायची बटणं, दिसतील: फोन कॉल, मीडिया ऑडिओ, कधी कॉन्टॅक्ट शेअरिंग. "फोन कॉल" हा टॉगल दिसला, म्हणजे हा दावेदार. दिसलाच नाही, तर त्याला विसरा. आता याच यादीत घड्याळाच्या नावापुढच्या गिअरमध्ये जाऊन हा टॉगल बंद. कारचंही तसंच, निदान लांबच्या राइडच्या दिवशी. इंटरकॉमवर कॉल आणि मीडिया दोन्ही चालू. झालं. घड्याळावर नोटिफिकेशन येत राहतील, पावलं मोजली जातील, पण कॉल बाहीखाली जाणार नाही.

आयफोनवाल्यांना इतकी मोकळीक नाही. तिथे हे टॉगल वेगवेगळे मिळत नाहीत. पण सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग टच, आणि खाली "कॉल ऑडिओ राउटिंग" आहे. ते ऑटोमॅटिकवरून ब्लूटूथ हेडसेटवर न्या. तरीही गोंधळ झाला, तर राइडपुरतं ते दुसरं उपकरण डिस्कनेक्ट करा. दुसरा सोपा उपाय माझ्या माहितीत नाही.

आता पहिला सेटअप, बहुतेकांचा हाच असतो: फोन हँडलबारच्या माउंटवर, गुगल मॅप्स चालू आणि हेल्मेटला इंटरकॉम. वेगळा जीपीएस नाही. इथे फोन थेट इंटरकॉमला, विषय संपला. मॅप्सच्या नॅव्हिगेशन सेटिंगमध्ये ब्लूटूथवरून आवाज वाजवायचा पर्याय आहे, तो चालू करा. कॉल चालू असतानाही सूचना द्यायच्या की नाही, हा वेगळा पर्याय आहे. तो मी बंद ठेवतो. आई काहीतरी सांगतेय आणि मध्येच "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा", दोन्हीतलं काहीच धड ऐकू येत नाही.

एक खोड मात्र खूप जणांना छळते. मॅप्सच्या सूचनेचा पहिला शब्द गिळला जातो. "डावीकडे वळा" मधलं फक्त "वळा" ऐकू येतं, आणि नेमकं हेच वाक्य अर्धवट असून चालत नाही! कारण असं, की बराच वेळ आवाज नसला की एटूडीपीचा प्रवाह थांबतो आणि इंटरकॉमचा ॲम्प्लिफायर बॅटरी वाचवायला झोपतो. सूचना आली की तो जागा होईपर्यंत अर्धा सेकंद जातो आणि पहिला शब्द त्यातच संपतो. उपाय? मागे अगदी हळू आवाजात गाणी चालू ठेवा. प्रवाह चालू राहतो, शब्द पूर्ण येतो. जुगाड वाटेल, पण चालतो.

मॅप्समध्ये टू-व्हीलर मोड लावलाय ना, तेही बघून घ्या. डिसेंबर २०१७ मध्ये हा मोड आला तो आपल्याकडेच. कार मोडवर मुंबईहून पुण्याला निघालात, तर मॅप बिनधास्त एक्सप्रेसवेवर नेतो, आणि तिथे आपल्याला बंदी. समृद्धीवर तेच, अटल सेतूवरही तेच. मोड चुकला तर इंटरकॉममधला तो गोड आवाज तुम्हाला थेट टोलनाक्यावरच्या वादात नेऊन सोडेल.

आता खरा गुंता, तिसरं उपकरण. गार्मिन झुमोसारखा वेगळा जीपीएस, किंवा अलीकडे ऑनलाइन मिळणारी ती पाच इंची कारप्ले-अँड्रॉइड ऑटोची स्क्रीन, जिच्यावर फोनचे मॅप्स आणि कॉल दिसतात. जोडायचे रस्ते दोन.

पहिला रस्ता साखळीचा. फोन जीपीएसला जोडायचा, जीपीएस इंटरकॉमला, आणि फोन-इंटरकॉम थेट संबंध तोडायचा. झुमो फोनसमोर हँड्सफ्री म्हणून उभा राहतो आणि हेल्मेटसमोर फोन असल्यासारखा वागतो. फायदा हा, की कॉलला रस्ता एकच. कोण बोलावतंय ते मोठ्या स्क्रीनवर दिसतं. तोटा हा, की आवाज दोन ब्लूटूथ उड्या मारून येतो, मधला दुवा बंद पडला की सगळंच बंद, आणि सिरी किंवा गुगल असिस्टंटला हाक मारणं बऱ्याचदा जमत नाही.

दुसरा रस्ता वाटणीचा. फोन थेट इंटरकॉमला, कॉल आणि संगीत दोन्हीसाठी. जीपीएस इंटरकॉमच्या दुसऱ्या चॅनेलवर, फक्त सूचनांसाठी. चांगल्या इंटरकॉममध्ये यासाठी वेगळं "जीपीएस पेअरिंग" किंवा "सेकंड फोन पेअरिंग" असतं. साधं पेअरिंग बटण दाबून जीपीएस जोडलात, तर तो फोनची जागा बळकावतो आणि फोन बाहेर फेकला जातो. "एक जोडला की दुसरा तुटतो", ही तक्रार इथूनच येते. आणि ट्रॅफिक-हवामानासाठी झुमोही फोनला जोडलेला असेल, तर त्याच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये फोनच्या नावाखाली कॉलची सेवा बंद करा, बाकीचं राहू द्या.

माझा कौल दुसऱ्या रस्त्याला. कॉल ही सगळ्यात नाजूक गोष्ट, तिच्या वाटेत मधला माणूस नको. शिवाय जीपीएसची बॅटरी गेली, स्क्रीन पावसात हँग झाली, तरी फोन चालू राहतो. अपवाद दोनच: केटीएमसारखा डॅश, आणि कारप्लेची स्क्रीन. तिथे फोन आवाजाची सूत्रं स्क्रीनच्याच हातात देतो, त्यामुळे इंटरकॉम स्क्रीनला जोडलेला बरा. तिथे अडून बसलात तर रोज सकाळी कुस्ती.

आता मित्र येतो. त्याचा इंटरकॉम दुसऱ्या कंपनीचा. ग्रुप राइड आहे आणि तुम्हाला बोलायचंय.

एकाच कंपनीची मेश, म्हणजे सगळे इंटरकॉम आपसात जोडणारं वेगळं रेडिओ जाळं, असेल तर प्रश्नच नाही. कार्डो कंपनीची मेश, डीएमसी, पंधरा जणांपर्यंत जाते, सेनाच्या खासगी मेश ग्रुपमध्ये चोवीस जण बसतात, आणि मेशचा रेडिओ फोनच्या ब्लूटूथ कनेक्शनला धक्का लावत नाही. पण कंपन्या वेगळ्या असल्या की बहुतेक वेळा "युनिव्हर्सल इंटरकॉम" वापरावा लागतो. त्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे: एक इंटरकॉम दुसऱ्याला सांगतो, "मी फोन आहे." आणि एचएफपीवरच जोडला जातो. म्हणजे इंटरकॉमकडे कॉलच्या दोन जागा असतील तर एक तुमच्या फोनची, दुसरी मित्राची. जीपीएस कुठे बसणार? कुठेच नाही. मित्र जोडल्या जोडल्या झुमोचा आवाज गायब होतो, तो यामुळे. अशा वेळी मी सरळ जीपीएस गप्प करतो. रस्ता दाखवायला पुढे माणूस आहे की!

आणि लक्षात असू द्या, जवळपास सगळ्या इंटरकॉममध्ये फोन कॉलचा मान सगळ्यात वरचा. कॉल आला की मित्राचं बोलणं कापलं जातं. त्याला वाटतं तुम्ही रागावलात.

इतकं सगळं आधीच उलटंसुलटं जोडून ठेवलं असेल, तर दुरुस्त करत बसू नका, पाटी कोरी करा. फोनमधून इंटरकॉम "विसरा", जीपीएसमधून विसरा, आणि इंटरकॉमला फॅक्टरी रीसेट. फक्त फोनमधून काढून भागत नाही, इंटरकॉमच्या आठवणीत जुनी नावं राहतात. मग आधी फोन जोडा, टॉगल बघा, मग जीपीएस त्याच्या खास पेअरिंगनं, आणि मित्र सगळ्यात शेवटी. यादीत इंटरकॉमचं नाव दोनदा दिसलं तर दचकू नका. एक आवाजासाठी आणि एक कंपनीच्या ॲपसाठी असू शकतं. टॉगल दिसतील ते आवाजाचं.

थोडं हार्डवेअर, पटकन. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि आपलं पाण्यानं भरलेलं शरीर ते शोषतं. फोन पँटच्या मागच्या खिशात आणि इंटरकॉम हेल्मेटच्या डाव्या बाजूला असेल, तर आवाज तुटणारच. छातीच्या खिशात ठेवा, नाहीतर टँक बॅगमध्ये. हँडलबारवर लावत असाल तर कंपन शोषणारा माउंट घ्या. इंजिनच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, हे ॲपलनं २०२१ मध्ये स्वतः सांगितलंय. आणि मेच्या उन्हात चार्जिंगला लावलेला फोन तापून स्क्रीन मंद करतो, तेव्हा जीपीएसवाला मित्र हसतो.

(हेल्मेट उलटं करून, आतला स्पीकर दाखवत)

स्पीकर कानाच्या भोकासमोर हवा. इथे, बोटानं चाचपून बघा. दोन सेंटीमीटर सरकला तर ऐंशीच्या वेगाला अर्धा आवाज गेला. जागा करायला थर्माकोल कोरू नका, तो तुमच्या डोक्यासाठी आहे. बऱ्याच हेल्मेटमध्ये कानाजवळ खोबण असते, तीच वापरा.

कायद्याचं विचारता, तर फोन हातात धरून गाडी चालवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली येतं, पहिल्या गुन्ह्याला दंड हजार ते पाच हजार, आणि कैदेचीही तरतूद आहे. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत हातातल्या उपकरणाला सूट आहे ती फक्त रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष विचलित न होता. हेल्मेटच्या गालाखाली फोन खुपसून बोलणाऱ्यांनी हे दोनदा ऐकावं. आणि हेल्मेटमधून बोलणं तांत्रिकदृष्ट्या जमतंय म्हणून घाटात बोलायलाच हवं असं नाही. ऑटो आन्सर, म्हणजे कॉल आपोआप उचलणं, मी बंद ठेवतो. वाजलं तर वाजलं, पुढच्या चहाच्या टपरीवर बघू.

निघण्याआधी पार्किंगमध्ये ही चाचणी करा. घड्याळ मनगटावर, जीपीएस चालू, मित्र जोडलेला, सगळं जसं रस्त्यावर असणार तसंच. गाणं लावा. मॅप्सला सूचना देऊ द्या. मग घरच्यांना फोन करायला सांगा. हेल्मेटवरच्या बटणानं उचला, दोन वाक्यं बोला, बटणानंच ठेवा, आणि गाणं आपोआप परत सुरू होतंय का ते ऐका. व्हॉट्सॲप कॉलही एकदा करून बघा, काही इंटरकॉमचं बटण तो उचलत नाही. यातलं जे अडेल त्याच्यासाठी खाली लिहा: फोनचं मॉडेल, इंटरकॉमचं मॉडेल, बाईक कोणती, आणि ब्लूटूथच्या यादीत कोणाकोणाला "फोन कॉल" टॉगल दिसतोय. एवढं नसेल तर मला उत्तर देता येणार नाही.