आधी वर्दी, मग स्पर्श : बहिऱ्या आणि भित्र्या कुत्र्याचे शिक्षण

मित्रहो,

बहिरेपण आणि भित्रेपण एकाच कुत्र्यात आढळले की लोक दोन्हींची मोट बांधतात आणि ‘ऐकू येत नाही, म्हणून घाबरतो’ असे म्हणून मोकळे होतात. माझा अनुभव असा आहे की या दोन गोष्टी वेगळ्या धरल्याशिवाय अशा कुत्र्याला काहीही शिकवता येत नाही. जन्मजात बहिरेपण ही शरीराची स्थिती आहे; ती बदलत नाही. भीती मात्र बरीचशी आजूबाजूच्या माणसांच्या वागण्यातून तयार होते आणि तेथे पुष्कळ काही करता येते. ज्या कुत्र्याला ऐकू येते त्याला माणूस घरात शिरण्याआधी जिन्यावरची पावले, किल्ल्यांचा खुळखुळाट, कडीचा आवाज अशा तीन-चार वर्द्या मिळालेल्या असतात. बहिऱ्या कुत्र्याला यांतली एकही मिळत नाही. त्याच्या दृष्टीने माणूस चालत येतच नाही, एकदम उगवतो. ही हुकलेली वर्दी डोळे, नाक आणि त्वचा यांच्या वाटेने त्याच्यापर्यंत कशी पोहोचवायची, एवढाच आजचा विषय आहे.

आधी बहिरेपणाविषयी थोडे. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या कानांच्या नळ्या बंदच असतात आणि साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. ज्या जातींमध्ये अंगावर पांढरा रंग जास्त असतो, त्यांच्यापैकी काही पिल्लांच्या आतल्या कानात रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी पोहोचत नाहीत. या पेशी तेथे केवळ रंगापुरत्या नसतात; आतल्या कानातील द्रवाचे रासायनिक संतुलन राखण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. त्या नसल्या की ऐकण्याच्या नाजूक पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात, आणि त्या पुन्हा येत नाहीत. डाल्मेशियन हे याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण. अमेरिकेतील डाल्मेशियनांच्या तपासणीत सुमारे ८ टक्के कुत्री दोन्ही कानांनी आणि सुमारे २२ टक्के एका कानाने बहिरी आढळली. पांढरे बॉक्सर आणि चट्ट्यापट्ट्यांच्या ‘मर्ल’ रंगाची कुत्री यांच्यातही हा धोका आहे. दोन मर्ल कुत्र्यांचा संकर केला तर सरासरी एक चतुर्थांश पिल्लांना ते जनुक दोन्हीकडून मिळते आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या कानांत किंवा डोळ्यांत दोष असतो. हे माहीत असूनही केवळ दिसायला आकर्षक पिल्ले हवीत म्हणून असा संकर करणाऱ्यांना मी व्यावसायिक म्हणणार नाही. दुर्लक्षित राहिलेला कानाचा संसर्ग, काही प्रतिजैविके आणि म्हातारपण यांमुळेही ऐकू येणे जाते, परंतु त्या कुत्र्यांना निदान आवाजाचे जग एकदा भेटलेले असते.

घरी टाळ्या वाजवून किंवा ताट आपटून केलेल्या परीक्षेवर फारसा विश्वास ठेवू नये. पिल्लू भावंडांकडे पाहून उठते, जमिनीतून आलेली थरथर त्याला कळते, टाळीबरोबर हललेली हवाही त्याच्या अंगाला लागते. एका कानाने बहिरे असलेले पिल्लू तर या परीक्षेत हमखास उत्तीर्ण होते. खात्रीची तपासणी एकच आहे : प्रत्येक कानात स्वतंत्रपणे बारीक टकटक ऐकवून मेंदूत उमटणाऱ्या विद्युत प्रतिसादाचा आलेख काढणे. ती पाच आठवड्यांच्या पिल्लावरही करता येते. ही सोय प्रत्येक शहरात नसते. पण तिच्यावाचून शिक्षण अडत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकू येणाऱ्या कुत्र्यालाही लागू पडते.

आता भीतीकडे वळतो. माझ्या घरी चांदणी नावाची डाल्मेशियन कुत्री आहे. ती दोन्ही कानांनी बहिरी आहे. आमच्याकडे आली तेव्हा ती लहान पिल्लू राहिलेली नव्हती, आणि तोपर्यंतचे तिचे आयुष्य मागच्या अंगणातल्या पिंजऱ्यात गेले होते. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्या गोष्टी निर्धास्तपणे पाहते त्या त्याला पुढे जन्मभर सामान्य वाटतात, आणि जे या काळात दिसत नाही ते नंतर संशयास्पद ठरते. चांदणीने या काळात छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा, खांद्यावर सिलिंडर घेतलेला माणूस, लिफ्टचे सरकते दार यांपैकी काहीच पाहिलेले नव्हते. म्हणजे तिच्या भीतीचा मोठा भाग पिंजऱ्यातून आलेला होता. बहिरेपणाने त्यात भर घातली ती एवढीच, की या अनोळखी गोष्टी तिच्यासमोर पूर्वसूचनेशिवाय येत.

सर्वांत पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा धडा झोपेतून उठवण्याचा. गाढ झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला कोणी अचानक हात लावला तर तो दचकून चावू शकतो, आणि तसे झाले की ‘बहिरी कुत्री चावकी असतात’ हा शिक्का कायमचा बसतो. अशा पिल्लांना जगू न देण्याचा सल्ला परदेशांतील डाल्मेशियन पाळणाऱ्यांच्या वर्तुळांत दीर्घकाळ दिला जात असे, त्यामागे हीच भीती होती. ऐकू न येणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या कुत्र्यांची धडधाकट कुत्र्यांशी तुलना करणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मालकांनी दिलेल्या उत्तरांवर आधारलेल्या त्या अभ्यासात अपंग कुत्री अधिक आक्रमक आढळली नाहीत. परंतु दचकणे खरे आहे आणि त्यावर उपाय करावाच लागतो.

तो उपाय कुत्रा जागा असतानाच सुरू होतो. त्याच्या समोर बसून खांद्यावर दोन बोटांनी हलका स्पर्श करायचा आणि त्याच क्षणी तोंडाशी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा न्यायचा. क्रम महत्त्वाचा आहे : आधी स्पर्श, मग खाऊ. उलटे केले तर स्पर्शाला काही अर्थच उरत नाही. खांद्याला बोटे लागताच कुत्रा खाऊच्या अपेक्षेने मान वळवू लागला, की मग बाजूने, त्यानंतर पाठीमागून आणि शेवटी तो डुलकी घेत असताना हाच प्रयोग करायचा. झोपलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र स्पर्शाच्याही आधी एक पायरी असावी. काही अंतरावर जमिनीवर पाय आपटावा किंवा नाकाजवळ तळहात धरून थांबावे. वासाने जाग येते, आणि ती दचकून आलेली नसते. स्पर्शाची जागा घरातल्या सगळ्यांची एकच ठेवावी. लहान मुलांना हे काम देऊच नये. झोपलेल्या कुत्र्याला त्यांनी हात लावायचा नाही, हा नियम पक्का असावा. अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेत नसावे. पाठीशी भिंत आणि समोर दार दिसेल असा कोपरा मिळाला तर कुत्र्याची निम्मी पहारेदारी कमी होते.

दुसरा धडा आपल्याकडे पाहण्याचा. बहिऱ्या कुत्र्याला हाक मारता येत नाही, म्हणून त्याने आपणहोऊन अधूनमधून मालकाकडे पाहावे ही सवय अत्यंत मोलाची आहे. ती हुकूम देऊन लागत नाही. घरात, गच्चीवर, फिरायला जाताना, जेव्हा जेव्हा तो वळून पाहील तेव्हा तेव्हा अंगठा उंचावून दाखवायचा आणि खाऊ द्यायचा. उंचावलेला अंगठा म्हणजे ‘आत्ता जे केलेस ते बरोबर, खाऊ येतो आहे’, एवढे त्याला एकदा कळले की पुढची प्रत्येक गोष्ट शिकवणे सोपे होते, कारण योग्य कृती नेमकी कोणत्या क्षणी घडली हे त्याला दुरूनही सांगता येते. बस, थांब, ये, सोड यांच्या खुणा आपण ठरवाल त्या चालतात. फक्त त्या एका हाताने करता याव्यात, कारण दुसऱ्या हातात पट्टा असतो. त्या एकमेकींशी मिळत्याजुळत्या नसाव्यात. आणि आजी एक खूण करते, नातू दुसरी, असे होऊ नये. खूण करताना तोंडाने बोलतही राहावे, असा माझा आग्रह असतो. ऐकू येत नाही तर बोलायचे कशाला, असे लोक विचारतात. ‘शाब्बास’ म्हणताना आपला चेहरा फुलतो, खांदे सैल पडतात, आणि कुत्रा ते सगळे वाचतो. मुक्याने केलेली खूण बहुधा निर्जीव असते.

या संदर्भात दोन खुणा मला विशेष महत्त्वाच्या वाटतात, आणि त्याच बहुतेक घरांत शिकवल्या जात नाहीत. एक, ‘संपले’ : दोन्ही रिकामे तळहात दाखवणे. ही खूण नसलेला कुत्रा पुढे काय होणार या विवंचनेत तासन् तास मालकाच्या हातांकडे टक लावून बसतो. दुसरी, ‘मी जाऊन येतो’. बहिरा कुत्रा घरभर माणसाच्या मागे मागे फिरतो, याला आपण प्रेम म्हणतो. पण पुष्कळदा ती काळजी असते. डोळा लागला आणि जाग आल्यावर माणूस नाहीसा झालेला, असे त्याच्याबाबतीत वारंवार घडते. ऐकू येणाऱ्या कुत्र्याला झोपेतही दार बंद झाल्याचे कळते. म्हणून बाहेर पडताना त्याला हळुवार जागे करावे, ठरलेली खूण करावी आणि मगच निघावे. झोपमोड होते खरी, परंतु न सांगता नाहीसे होण्यापेक्षा ती बरी.

घाबरलेल्या कुत्र्याला गोंजारल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. भीती ही मुद्दाम केलेली कृती नसते, त्यामुळे तिला बक्षीसही मिळू शकत नाही. कुत्रा जवळ येऊन टेकला तर त्याला टेकू द्यावे. त्याच्या भीतीवरचे खरे काम अंतराचे असते. समजा, छत्री घेतलेला माणूस त्याला भीतिदायक वाटतो. ज्या अंतरावरून तो त्या माणसाकडे पाहू शकतो आणि तरीही खाऊ घेतो, त्या अंतरावर उभे राहावे. माणूस दिसला की खाऊ सुरू करावा आणि दिसेनासा झाला की बंद करावा. ओठ चाटणे, विनाकारण जांभई, शेपूट पोटाखाली जाणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागणे ही अंतर वाढवण्याची चिन्हे आहेत. आवडता तुकडा नाकारणे हे सर्वांत स्पष्ट चिन्ह. तेथे शिक्षण संपलेले असते आणि निमूटपणे घरी परतणे हाच पर्याय उरतो. ‘सवय होईल’ म्हणून त्याला बाजाराच्या गर्दीत नेऊन उभे करणारे लोक मी पाहिले आहेत. कुत्रा गप्प बसतो आणि त्यांना वाटते, सवय झाली. प्रत्यक्षात त्याने हाय खाल्लेली असते. काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की केवळ सरावाने ती उतरत नाही. तेथे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध देण्यात कमीपणा नाही. माणसांची झोपेची गोळी अंदाजाने देणे मात्र धोक्याचे आहे.

शिक्षेविषयी एकच सांगतो. बहिऱ्या कुत्र्यासाठी आपला हात ही आपली वाणी आहे. तोच हात एकदा मारायला उठला, की पुढे ‘ये’ म्हणून हलवलेल्या हाताकडेही तो साशंकपणे पाहतो. ऐकू येणाऱ्या कुत्र्याशी आवाज चढवून नंतर समेट करता येतो. येथे ती दुसरी वाट उपलब्ध नाही. विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यांबद्दल तर बोलायलाच नको. केवळ थरथरणारे पट्टे असतात, आणि शांत कुत्र्याला थरथर जाणवली की वळून पाहायला शिकवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो; परंतु भित्र्या कुत्र्याला मानेवरची अनाकलनीय थरथर ही आणखी एक वर्दी न देता आलेली गोष्ट ठरू शकते, त्यामुळे मी तो सहसा सुचवत नाही. रात्री अंगणातून बोलावण्यासाठी दिव्याची उघडझाप पुरते. लेझरचा ठिपका मात्र कधीही वापरू नये. तो पकडण्याचा ध्यास काही कुत्र्यांना कायमचा लागतो.

रस्त्यावर त्याला मोकळे सोडू नये, कितीही शिकलेला असला तरी. हॉर्न त्याला ऐकू येत नाही आणि गल्लीतल्या कुत्र्यांची गुरगुरही ऐकू येत नाही. ही दुसरी अडचण लोकांच्या लक्षात येत नाही : गुरगुर म्हणजे ‘थांब’ असा इशारा असतो, तो न पाळता पुढे जाणारा कुत्रा इतरांना उद्धट वाटतो आणि मारामारी होते. मोकळ्या मैदानात लांब दोरी आणि छातीला बसणारा हार्नेस वापरावा, आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर दूरध्वनी क्रमांकाबरोबर ‘बहिरा आहे’ असेही कोरावे.

दिवाळीत अशी कुत्री निवांत असतात असे अनेकांना वाटते. फटाक्याचा आवाज त्यांच्यापर्यंत येत नाही हे खरे, परंतु खिडकीतला लखलखाट, दारूचा वास आणि घरातल्या दुसऱ्या कुत्र्याची धावाधाव पोहोचते. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांची थरथर तर फरशीतून थेट पंजांना लागते. अशा वेळी पडदे ओढून, जाड गादी अंथरून त्याला आतल्या खोलीत ठेवणे आणि आपण तेथे त्याच्या नजरेसमोर बसणे उपयोगी पडते.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी चांगले ऐकू येणारी, पण सात-आठ वर्षांची झालेली कुत्री आहेत, त्यांनी हाताच्या खुणा आजपासूनच सुरू कराव्यात. म्हातारपणी ऐकू येणे हळूहळू कमी होते, आणि ‘हल्ली तो ऐकतच नाही’ अशी तक्रार करत मालक त्याच्यावर ओरडत राहतात. तोंडी आज्ञेच्या क्षणभर आधी खूण करत गेले की थोड्या दिवसांत कुत्रा खुणेवरच बसू लागतो. मग कान कधी गेले हे त्याला फारसे जाणवत नाही. खांद्यावर दोन बोटांचा स्पर्श तेवढा आधीच ओळखीचा करून ठेवायला हवा.