टूल ओपन आहे, पण कोड जातो कुठे?

मगाशी चहाला एकजण विचारत होते, आमच्या क्लायंटचा कोड बाहेर पाठवायला बंदी आहे, मग आम्ही कोड लिहायला ओपन सोर्स एआय असिस्टंट वापरला तर चालेल ना. तिथूनच सुरू करतो, कारण हा गैरसमज फार पसरलाय आणि तो महागात पडू शकतो. एडर, क्लाइन, कंटिन्यू ही असली टूल्स, तिन्ही अपाचे 2.0 या ओपन सोर्स लायसन्सवर आहेत, सोर्स गिटहबवर आहे, कोणीही वाचावा. पण टूल वेगळं आणि मॉडेल, म्हणजे प्रत्यक्ष उत्तर तयार करणारा एआय, वेगळं. क्लाइनमध्ये तुम्ही क्लाउडवाल्या मॉडेलची एपीआय की, म्हणजे ते वापरायची किल्ली, टाकलीत की तुमच्या फायली चालल्या त्या सर्व्हरकडे, टूल कितीही ओपन असू दे.

मॉडेलचं लायसन्सही नीट वाचा. मेटाचं लामा 3 मॉडेल डाउनलोड होतं म्हणून सगळे त्याला ओपन सोर्स म्हणतात, पण त्यात 70 कोटींहून जास्त मासिक युजर असलेल्या कंपन्यांना मेटाची वेगळी परवानगी लागते. क्वेन 2.5 कोडर या मॉडेलचं 7बी आणि 32बी (बी म्हणजे अब्ज पॅरामीटर, मॉडेलचा आकार) अपाचे 2.0 वर, आणि त्याच मालिकेतलं 3बी मात्र वेगळ्या लायसन्सवर!

आता लोकल, म्हणजे आपल्याच मशीनवर, चालवायचं तर 7बी चार बिटमध्ये (आकडे कमी अचूकतेने साठवून) साधारण पाच जीबीत बसतं, 32बीला वीसच्या आसपास लागतात, वर कॉन्टेक्स्टची, म्हणजे मॉडेल एका वेळी बघतं त्या मजकुराची, मेमरी वेगळी. आणि इथेच बरेच जण अडकतात. ओलामात, म्हणजे लोकल मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बराच काळ डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट 2048 टोकनचा (टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा) होता, क्लाइनचा नुसता सिस्टीम प्रॉम्प्टच, म्हणजे टूलने मॉडेलला दिलेल्या सूचना, त्याच्या कितीतरी पट मोठा, म्हणजे अर्ध्या सूचना मॉडेलपर्यंत पोचतच नाहीत, ते भलतंच काहीतरी लिहितं आणि आपण म्हणतो मॉडेल ढ आहे. आधी तो आकडा वाढवून बघा हो, मग ठरवा.

मला स्वतःला एडर आवडतं. टर्मिनलमध्ये चालतं, प्रत्येक बदलाचा गिट कमिट स्वतःच करतं, नाही पटलं तर अनडू मारलं की झालं. पण टीममध्ये नवीन मुलं असतील तर मी क्लाइन देईन, कारण व्हीएस कोड या एडिटरमध्येच डिफ, म्हणजे काय बदललं ते, समोर दिसतो आणि कमांड चालवण्याआधी ते विचारतं, फक्त ऑटो अप्रूव्ह चालू करू देऊ नका. नुसतं ऑटोकम्प्लीट हवं असेल तर कंटिन्यू आणि 1.5बीचं छोटं मॉडेल पुरतं.

बेंचमार्कच्या आकड्यांवर जाऊ नका. तुमच्याच रेपोत गेल्या महिन्यात सुटलेला एक बग घ्या, त्याच्या आधीच्या कमिटवर जा, दोन टूल्सना तेच वर्णन द्या आणि टेस्ट चालवा, अर्ध्या दिवसात कळतं.

आणि मगाशी विचारलंत ना, तुमच्यासाठी सांगतो. ऑफिसातल्या एका मशीनवर ओलामा चढवा, कंटिन्यू त्याला जोडा, टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती बाहेर पाठवणं, बंद करा, मग मॉडेल उतरवून झालं की इंटरनेटची केबल काढा आणि चालतंय का बघा.