वाय-फाय आहे, पण इंटरनेट नाही

श्रोतेहो, नमस्कार.

‘नेट गेलं’ ही तक्रार आपण दोन शब्दांत करतो, पण त्या दोन शब्दांमागे निदान पाच-सहा वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. टेलिफोन तांब्याच्या तारांवर चालत होते तेव्हापासून मी जोडणीच्या कामात आहे आणि आता फायबर आल्यावरही शेजारीपाजारी, नातेवाईक याच तक्रारीसाठी मला बोलावतात. बहुतेक घरांत मी पोहोचेपर्यंत दोन-चार बटणे दाबून झालेली असतात, एखादी वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घातलेली असते आणि मूळचा लहानसा बिघाड वाढून बसलेला असतो. म्हणून आज मला तुम्हांला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. राउटर चालेनासा झाला की कशालाही हात लावण्याआधी वाट नेमकी कुठे तुटली आहे ते शोधावे. त्यासाठी यंत्र लागत नाही; डोळे उघडे ठेवून दिलेली पाच मिनिटे पुरतात.

ही वाट कशी आहे ते आधी पाहू. खिडकीच्या चौकटीतून किंवा भिंतीतल्या छिद्रातून एक बारीक वायर, म्हणजेच फायबर, घरात येते. तिच्या पोटात केसापेक्षा जराशीच जाड अशी काच असते आणि त्या काचेतून विजेऐवजी प्रकाश धावतो. ती वायर ज्या पेटीत शिरते तिला ओएनटी म्हणतात. प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतांत करणे हे तिचे काम. त्यापुढे राउटर. तो घरातल्या प्रत्येक मोबाइलला, टीव्हीला, लॅपटॉपला आकड्यांचा एकेक पत्ता देतो आणि ज्याचा निरोप त्याला पोहोचवतो. अलीकडे बऱ्याच घरांत ओएनटी आणि राउटर एकाच पेटीत असतात, त्यामुळे या दोन कामांतला फरक लक्षात येत नाही. आणि वाय-फाय म्हणजे राउटरपासून तुमच्या हातातल्या मोबाइलपर्यंतचा, हवेतून जाणारा, दहा-पंधरा पावलांचा शेवटचा टप्पा, बस्स. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. मोबाइलवर वाय-फायची खूण पूर्ण भरलेली असेल आणि तरीही एकही पान उघडत नसेल, तर त्याचा अर्थ इतकाच की हा शेवटचा टप्पा ठीक आहे आणि वाट त्याच्या मागे कुठेतरी तुटली आहे.

म्हणून पहिला प्रश्न घरातल्या इतरांना विचारावा : तुमचे चालते आहे का? एकाच मोबाइलचे बंद असेल आणि बाकीच्यांचे चालू असेल, तर राउटरला मुळीच हात लावू नये, दोष त्या मोबाइलमध्ये आहे. सगळ्यांचेच बंद असेल आणि मोबाइलवर वाय-फायचे नावही दिसत नसेल, तर राउटर किंवा त्याचा वीजपुरवठा तपासावा. नाव दिसते, जोडलेही जाते, पण पुढे काहीच होत नाही, अशी स्थिती असेल तर पेटीवरच्या दिव्यांकडे वळावे.

हे दिवे कोणी नीट पाहत नाही, याची मला खरोखर खंत वाटते, कारण निम्मे निदान तिथेच लिहिलेले असते. फायबरच्या पेटीवर पॉवर, पॉन (PON), लॉस (LOS), इंटरनेट आणि डब्ल्यूलॅन (WLAN, म्हणजे वाय-फाय) अशी अक्षरे असतात. पॉन हा दिवा हिरवा आणि स्थिर हवा. तो स्थिर असला म्हणजे कंपनीच्या केंद्रातल्या यंत्राने तुमची पेटी ओळखली. लॉस हा दिवा बंद असायला हवा. तो लाल होऊन लुकलुकू लागला की प्रकाश तुमच्या पेटीपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. मग पासवर्ड बदलून, मोबाइल बंद-चालू करून किंवा नवा राउटर आणून काहीही होणार नाही, कारण दोष काचेच्या वाटेत आहे.

दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत साताऱ्याहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती म्हणाली, “दादा, पैसे परवाच भरलेत, तीनदा बंद करून चालू केलं, तरी तो लाल दिवा काही जात नाही.” मी गेलो, तेव्हा ओएनटीच्या शेजारी नुकतेच हलवलेले लोखंडी कपाट दिसले. टॉर्च घेऊन मागे पाहिले, तर फायबरची पांढरी वायर कपाटाच्या मागच्या कडेवर काटकोनात दुमडली जाऊन भिंतीशी दाबली गेली होती. ती तुटलेली नव्हती. काचेतला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो, हलके वळण त्याला चालते, पण वायर अशी दुमडली की त्या कोपऱ्यावर तो बाहेर सांडतो आणि पुढे काही उरत नाही. आम्ही दोघांनी कपाट चार बोटे पुढे ओढले, वायर मोकळी केली आणि जादा लांबीचे जेवणाच्या ताटलीएवढे सैल वेटोळे करून खिळ्याला अडकवले. लाल दिवा विझला. पॉनचा दिवा आधी लुकलुकला आणि अर्ध्या मिनिटाने हिरवा होऊन स्थिर राहिला. बहिणीच्या घरी दोन दिवस बंद पडलेले सारे व्यवहार एक कपाट सरकवून सुरू झाले. घरात फायबर आले असेल तर आजच ती वायर सुरुवातीपासून पेटीपर्यंत नजरेने तपासून पाहा. दाराच्या फटीत, सोफ्याच्या पायाखाली किंवा खिडकीच्या सरकत्या तावदानात ती दाबली जात असेल, तर बिघाड व्हायची वाट पाहू नका.

याच संदर्भात एक कळकळीची सूचना. फायबरची पिन पेटीतून काढून तिच्या टोकात डोळा लावून ‘प्रकाश येतो का’ हे कधीही पाहू नये. घराकडे येणारा हा प्रकाश साधारणतः १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, पण आहे लेझरचा. लहान मुलांनाही हे समजावून सांगावे. तशीच ती हिरवी पिन बोटाने पुसू नये. तिचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते आणि बोटाच्या तेलाचा किंवा धुळीचा एक कणही त्यावर पुरेसा अडथळा होतो.

आता बंद करून चालू करण्याविषयी. हा उपाय चांगलाच आहे, फक्त तो नीट करावा. भिंतीवरचे बटण बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे पेटीच्या आत साठलेली वीज संपते आणि तिची तात्पुरती स्मृती खरोखर कोरी होते. दोन वेगळ्या पेट्या असतील तर आधी ओएनटी सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर. नंतर तीन मिनिटे तरी धीर धरावा. चौथ्या मिनिटाआधीच पुन्हा बटण दाबणारी माणसे पेटीला जोडणी पूर्ण करूच देत नाहीत.

मात्र बंद-चालू करणे निराळे आणि रीसेट करणे निराळे. पेटीच्या मागे टाचणी जाईल एवढे छिद्र असते. त्यात टाचणी दहा सेकंद दाबून धरली की तुम्ही किंवा कंपनीच्या माणसाने भरलेली सारी माहिती पुसली जाते. अनेक जोडण्यांमध्ये राउटरला कंपनीच्या यंत्राकडे वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड सांगावा लागतो. तुमच्या वाय-फायचा पासवर्ड तो नव्हे, तो वेगळा. काही कंपन्यांच्या पेट्या ही माहिती लाइनवरून आपोआप परत मिळवतात, पण सगळ्यांच्या नाही. माझ्या पुतण्याने एका शुक्रवारी रात्री परीक्षेचा अर्ज भरायच्या घाईत ही टाचणी दाबली. त्या भागातली लाइन तासाभरासाठीच बंद होती आणि ती आपोआप सुरूही झाली, पण आमच्या घरचे नाव-पासवर्ड पुसले गेले होते आणि कंपनीच्या फोनवर शनिवार-रविवार कोणी उत्तर दिले नाही. सोमवारी दुपारी जोडणी परत आली, तोवर अर्ज भरायला त्याला दुसऱ्याच्या घरी जावे लागले. तेव्हापासून आमच्या घरी विजेच्या मीटरच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर ग्राहक क्रमांक, ते नाव, तो पासवर्ड आणि तक्रारीचा फोन नंबर लिहिलेला आहे. जोडणी देणारा माणूस घरात असतानाच ही माहिती मागून घ्यावी. ती मागण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

आपल्याकडे विजेचा लपंडाव चालतो, त्यामुळे अडॅप्टरचा बिघाड वारंवार दिसतो आणि तो फसवा असतो. दिवे लागलेले असतात, पण पेटी दर दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. अडॅप्टर जुना झाला की त्याचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, भाराखाली उतरतो, पेटीला दिवे लावण्यापुरती वीज मिळते आणि काम करण्यापुरती मिळत नाही. नवा अडॅप्टर घेताना फक्त पिन बसते की नाही हे पाहू नये. पेटीच्या तळाशी १२ व्होल्ट आणि १ अँपिअर लिहिले असेल, तर अडॅप्टर १२ व्होल्टचाच हवा. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, व्होल्ट मात्र कमी-जास्त चालत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडू लागली की अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवावा. गच्चीवरून नेटची तांब्याची तार, म्हणजे लॅन वायर, घरात आणली असेल तर तीही पेटीपासून सोडवावी. काचेतून वीज येत नाही, तांब्यातून येते.

दिवे सगळे ठीक आहेत, वीज ठीक आहे, तरी आतल्या खोलीत मोबाइल जोडला जात नाही, अशी तक्रार असेल तर मात्र ती खरी वाय-फायची तक्रार होय. राउटर सहसा रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर (बँडवर) बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंती ओलांडून लांब जाते, पण तिच्यावर गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान, पण एक-दोन भिंतींत थकते. आपल्या देशात २००५ साली २.४ गिगाहर्ट्झची पट्टी परवान्याशिवाय वापरायला मोकळी झाली आणि आज इमारतीतल्या प्रत्येक घराचा राउटर, ब्लूटूथ, इतकेच काय, मायक्रोवेव्हची भट्टीसुद्धा त्याच पट्टीवर असते. राउटरच्या सेटिंगमध्ये या पट्टीच्या चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो शेजाऱ्यांनी कमी वापरला आहे तो निवडावा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. नवा घेतलेला दिवा किंवा कॅमेरा राउटरला जोडलाच जात नसेल, तर तो बहुधा फक्त २.४ची पट्टी ओळखतो, हेही लक्षात ठेवावे. आणि राउटर कुठे ठेवला आहे ते पाहावे. दिसायला बरे दिसत नाही म्हणून तो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा माळ्यावरच्या डब्यांत लपवलेला असतो. धातू लहरी अडवतो, पाणी त्या शोषून घेते, आरशाच्या मागचा मुलामाही त्या परतवतो. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींपुढे तर चांगला राउटरही हतबल होतो. तिथे लॅनची वायर टाकून आतल्या खोलीत दुसरा राउटर बसवणे हाच खात्रीचा मार्ग आहे. त्या दुसऱ्या राउटरचा पत्ताही पहिल्यासारखाच, म्हणजे १९२.१६८.१.१ असा असेल, तर तो आधी बदलून घ्यावा. नाहीतर एकाच पत्त्यावर दोघे उभे राहतात आणि सगळ्या घराचे नेट कोलमडते.

एकाच उपकरणाचा दोष असेल तर त्या उपकरणात वाय-फायचे नाव विसरायला लावून पासवर्ड नव्याने भरावा. तारीख आणि वेळ तपासावी. चुकलेल्या तारखेमुळे सुरक्षित पाने उघडायला नकार मिळतो, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. लॅपटॉपवर स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला आहे, असे समजावे. तेव्हा राउटर एकदा बंद-चालू करावा. ब्राउझरमध्ये १.१.१.१ हे अंक टाकले की पान उघडते, पण नावे टाकली की कोणतेच संकेतस्थळ उघडत नाही, असे असेल तर वाट शाबूत आहे, केवळ नावावरून पत्ता सांगणारी सेवा बंद पडली आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये या सेवेच्या, म्हणजे डीएनएसच्या, जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरले की हा प्रश्न बहुधा सुटतो.

एवढे करूनही लॉसचा दिवा लालच राहिला, तर तक्रार नोंदवावी आणि ती नोंदवताना ‘नेट चालत नाही’ असे न म्हणता ‘लॉसचा दिवा अमुक वाजल्यापासून लाल आहे, वायर घरात कुठे दबलेली नाही, पेटी बंद करून चालू केली आहे’ असे सांगावे. तक्रारीचा क्रमांक मागून लिहून घ्यावा. तो देणे कंपनीला बंधनकारक आहे आणि तक्रारीचे समाधान झाले नाही तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. लाइनमन आला की त्याच्यासाठी पेटीसमोरची जागा मोकळी करून ठेवावी. त्याच्याजवळ प्रकाश मोजण्याचे हाताएवढे मीटर असते. काम झाल्यावर तो निघण्याआधी त्यावरचा आकडा दाखवायला सांगावा. तो उणे १५ ते उणे २५ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचे एकक) यांच्या दरम्यान असेल तर लाइन निरोगी आहे. उणे २७च्या पलीकडे असेल तर दिवा आज हिरवा दिसला तरी जोडणी पुन्हा सुटण्याची शक्यता आहे, तेव्हा त्याला तिथेच थांबवून जोड पुन्हा करून द्यायला सांगावे आणि सुधारलेला आकडा तारखेसह विजेच्या मीटरच्या पेटीत चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवावा.

नमस्कार.