मजुरीच्या रकान्यात शून्य

श्रोतेहो, नमस्कार.

फेब्रुवारी उजाडला की आमच्या भागातल्या कॉलेजांचे मला फोन सुरू होतात. "मॅडम, पोरांची बिझनेस आयडियाची स्पर्धा ठेवलीय, परीक्षक म्हणून याल का?" माझा कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचा छोटा कारखाना आहे, बावीस वर्षं झाली. शिक्षण बी.कॉम., तेही एक वर्ष गचकून. पण जाते. चार-पाच ठिकाणी तरी दरवर्षी जाऊन बसते, आणि खरं सांगायचं तर मला तिथं मजा येते.

प्रत्येक गटाला सात मिनिटं बोलायला, तीन मिनिटं आमच्या प्रश्नांना. आमच्या हातात गुणपत्रक: नावीन्य 25, बाजारपेठ 25, आर्थिक नियोजन 25, सादरीकरण 25. दिसायला सरळ. पण सादरीकरण आपल्या पंचवीसात राहत नाही हो, बाकीच्या तिन्हींत शिरतं. पोरगा फाडफाड बोलला की त्याची कल्पनाही नवी वाटते आणि हिशेबही बरोबर वाटतो. मी स्वतः फसलेय. तीन वर्षांपूर्वी एका ब्लेझर घातलेल्या मुलाला मी शंभरपैकी 91 दिले. शेतीची अवजारं भाड्यानं देणारं अ‍ॅप. गुण देऊन झाल्यावर चहा घेताना सहज विचारलं, "किती शेतकऱ्यांशी बोललास रे?" म्हणाला, "सर्व्हे केलाय ना मॅडम, गुगल फॉर्मवर. दीडशे जणांनी भरला." कोणी भरला? तर होस्टेलवरच्या पोरांनी.

तेव्हापासून मी एक कान सावध ठेवते. विशेषतः 'फक्त' या शब्दासाठी. "हा बाजार अमुक हजार कोटींचा आहे, आम्ही त्यातला फक्त एक टक्का घेतला तरी..." हे वाक्य आलं नाही अशी स्पर्धा मी अजून पाहिलेली नाही. टक्का कोणी ताटात वाढून देत नाही. पहिल्या वर्षी मी राजारामपुरी ते शाहूपुरी अकरा दुकानं पायी फिरले. तिघांनी माल ठेवून घेतला. महिन्यानं पैसे दिले एकानं. माझी बाजारपेठ तेव्हा एवढी होती: एक दुकान.

आणि उधारी! मुलांच्या तक्त्यात विक्री त्याच दिवशी पैसा होऊन येते. छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा 2006 पासून आहे. चांगला कायदा आहे. आमच्या एका गिऱ्हाइकाला मी तो वाचून दाखवला, तर त्यांनी मला चहा पाजला. पैसे दिवाळीनंतर आले.

बरं, आता ज्या मुलीसाठी हे सगळं सांगतेय तिच्याकडे येते.

यंदा एका कॉलेजात एक गट आला, दोन मुलगे, एक मुलगी. मुलीच्या घरचं गुऱ्हाळ. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे मार्केट यार्डात गुळाचे रवे येतात, तीस-तीस किलोचे. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मुंबई-पुण्याच्या घरात आता तो रवा फोडणार कोण? म्हणून यांनी काहिलीतला गूळ साच्यात ओतून पाच-पाच ग्रॅमच्या वड्या केल्या, चहाच्या एका कपाला एक. प्रत्येक वडी कागदात गुंडाळलेली, पन्नास वड्यांचं पाकीट, किंमत साठ रुपये. मुलगी बोलताना दोनदा अडखळली. इंग्रजीत सुरुवात केली, मग मीच म्हटलं, बाळ, मराठीत सांग.

पडद्यावर हिशेब होता. गूळ चौदा रुपये, वेष्टन नऊ, दुकानदाराचे बारा, वाहतूक चार. उरले एकवीस. पोरं खूश. मी विचारलं, "मजुरी कुठाय?" तिथं शून्य होतं.

"वड्या गुंडाळतं कोण?"

"आई आणि काकू."

"दिवसाला किती पाकिटं होतात?"

"एकीची तीस."

"तुमच्याकडे बाईला हजेरी किती?"

"तीनशे."

मग ती गप्प झाली. खडू घेतला आणि फळ्यावर स्वतःच मांडलं: तीनशे भागिले तीस, दहा. एकवीसचे झाले अकरा. त्यात परत आलेला माल अजून धरायचाच होता. सभागृहात कोणीतरी हसलं. मला मात्र त्या शून्याचा राग आला होता, मुलीवर नव्हे, शून्यावर. आपल्याकडच्या किती तरी घरगुती उद्योगांचा नफा म्हणजे घरातल्या बायकांची न दिलेली हजेरी असते. माझ्या पहिल्या तीन वर्षांचा नफा माझ्या सासूबाईंची मिरची निवडलेली बोटं होती, हे मला फार उशिरा कळलं.

मुलगी फळ्याकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "मॅडम, मग गुंडाळायच्याच नाहीत. चहाच्या गाड्यांना बरणीत सुट्या देऊ. त्यांना कागद नकोच असतो." तीन मिनिटांत तिनं आपलं गिऱ्हाईक बदललं. जोडीदार मुलगे तिच्याकडे बघतच राहिले, कारण त्यांच्या स्लाइडवर पाकिटाचं डिझाइन होतं आणि त्यावर म्हणे महिना गेला होता.

आता याला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे? हिशेब चुकला होता, म्हणजे नियोजनात कमी. बोलणं अडखळत, म्हणजे सादरीकरणात कमी. माझ्या बाजूचे परीक्षक म्हणाले, "मॅडम, कागदावर जे आहे त्यालाच गुण द्यायचे." त्यांचंही बरोबर. गट तिसरा आला. पहिलं बक्षीस ड्रोनला.

"आजवर पैसे देऊन कोणी घेतलं?" हा माझा आवडता प्रश्न. पण त्यालाही मी फार शहाणा समजत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बघा. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमिनीला विष चढतं असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. त्या दोन वर्षांत ते माझ्यासमोर आले असते तर मी काय लिहिलं असतं? गिऱ्हाईक: नाही. 1910 साली बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचं माळरान दिलं, तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजेसाहेबांच्या हातात गुणपत्रक नव्हतं. तिकडे अमेरिकेतही तेच. 1998 मध्ये तिथल्या एमआयटी विद्यापीठाच्या अशाच स्पर्धेत एक कल्पना अंतिम फेरीपर्यंत आली आणि पहिल्या बक्षिसाविना परत गेली. पुढे तिचीच अकामाई ही इंटरनेटवरची केवढी मोठी कंपनी झाली. त्या परीक्षकांबद्दल मला आपुलकी वाटते.

निघताना ती मुलगी गाडीपाशी आली. मी विचारलं, "श्रावणात या वडीचं काय होतं? पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं." म्हणाली, "नोव्हेंबरपासूनच करतोय, पावसाळा अजून बघितलाच नाही." आणि एक उघडी वडी माझ्या हातावर ठेवली. "तुमच्याकडं ठेवा. आमच्याकडं पण ठेवलीय."

ती माझ्या टेबलावर वाटीत आहे. परवा आपल्याकडे पहिला जोराचा पाऊस झाला. काल सकाळी बोट लावून पाहिलं, तर एक कोपरा चिकटत होता, बाकीचे तीन अजून कोरडे होते.