गाडीवानाचं डोकं

मंडळी, बाहेर बोर्डावर जो फोटो लावलाय तो हंगेरीचा फुटबॉलपटू पुश्काशचा आहे. व्याख्यान त्याच्याच संघातल्या कोचिशवर आहे. पोरांनी हौसेनं लावलाय, काढायला सांगवेना. पण माझं तीस वर्षांचं दुखणं त्या बोर्डावर आयतं चिकटवलेलं आहे. हंगेरी म्हटलं की पुश्काश, आणि पुश्काश म्हटलं की चर्चा संपली.

आधी नावाचं बघू. हंगेरीत आपल्या मतदार यादीसारखं आडनाव आधी लावतात, कोचिश शांडोर. ‘कोचिश’ म्हणजे गाडीवान. ‘पुश्काश’चं मूळ बंदुकीत. आता गाडीवान आणि बंदूकवाला एका संघात असले तर फोटो कुणाचा लागणार? (हशा) हसू नका, आकडे ऐका. पुश्काशचे हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४ गोल. कोचिशचे ६८ सामन्यांत ७५. सामन्यामागं एकाहून जास्त. १९५४च्या विश्वचषकात पाच सामन्यांत ११ गोल. उपांत्य सामन्यात उरुग्वेशी जादा वेळेत दोन मारले, दोन्ही डोक्यानं. लोक त्याला ‘सोनेरी डोकं’ म्हणायचे.

आणि आता डोक्याचा विषय निघालाच आहे, तर थोडं थांबतो. संयोजकांनी घड्याळाकडं बघू नये.

इथं पन्नाशीच्या पुढचे जे आहेत त्यांना जुना चेंडू आठवत असेल. कातडी, आत ब्लॅडर, आणि तोंड आवळायला चामड्याची वादी. पावसात भिजला की दगड. आम्ही पेठेतली पोरं, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मोठ्यांच्या मॅचआधी गोलमागं उभं राहून चेंडू आणून द्यायचो. एकदा सरावात एका थोरल्या खेळाडूनं कॉर्नर मारला आणि ओरडला, “घाल डोकं!” मी घातलं. वादीची गाठ बरोबर इथं, भुवईच्या वर. चेंडू गोलात गेला की नाही ते मला आजही माहीत नाही. घरी आई म्हणाली, कुणाशी मारामारी केलीस? मी म्हटलं चेंडूशी. तिनं हळद लावली, पण विश्वास नाही ठेवला. पुढचं वर्षभर उंच चेंडू आला की मी डोळे मिटायचो, आणि डोळे मिटणाऱ्याला पेठेत काय म्हणतात ते इथं बायाबापड्या बसल्यात म्हणून सांगत नाही. (हशा)

एवढं सांगायचं कारण, कोचिश तसल्याच चेंडूवर खेळला. लोकांना वाटतं हेडर म्हणजे उंची आणि टाळकं. उंची तर त्याची बेताचीच. हेडर म्हणजे मान आणि वेळ. दुसऱ्याच्या आधी उडायचं, वर क्षणभर थांबल्यासारखं दिसायचं, आणि कमरेपासून मान झटकून चेंडू खाली, गोलकीपरच्या पायाशी घालायचा. आपल्याकडं मात्र चेंडू डोक्याला लागला तरी टाळ्या. जाऊ दे, तो विषय काढला तर उद्या पेठेत फिरणं अवघड होईल.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. पत्रिकेवर ‘परदेशातली कारकीर्द’ छापलंय, आणि गाडी अजून हंगेरीची वेस ओलांडायचीय.

तर १९५६. बुडापेस्टमध्ये उठाव झाला, रशियन रणगाडे आले. त्यांचा क्लब होनवेद, म्हणजे सैन्याचा क्लब, तेव्हा युरोपियन कपासाठी, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेसाठी, बाहेर होता. पुश्काश, कोचिश आणि त्यांचा साथीदार त्सिबोर परत गेले नाहीत, म्हणून बंदी. कोचिश आधी झुरिकच्या यंग फेलोज क्लबात आणि १९५८ला बार्सिलोनात. तिथं कुबाला हा हंगेरीचाच माणूस आधीपासून होता, त्यानं वाट करून दिली. माझा मुद्दा इथं आहे, लिहून घ्या: कोचिशचे ते ७५ गोल सत्ताविसाव्या वर्षी थांबलेत. पुश्काश आणि कुबाला पुढं स्पेनकडूनही खेळले, कोचिश कधीच नाही. उरलेलं सगळं क्लबाच्या वहीत जमा झालं, आणि क्लबाची वही देश वाचत नाही.

त्या वहीत काय आहे? १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन लीग विजेतेपदं. मार्च १९६०मध्ये वुल्व्हज या इंग्लंडच्या विजेत्यांना त्यांच्याच मैदानावर ५-२, त्यात चार गोल एकट्या कोचिशचे. त्याच वर्षाअखेरीस बार्सिलोनानं रिआल माद्रिदला युरोपियन कपाबाहेर काढलं. पहिले पाचही कप रिआलनं जिंकले होते, तोवर त्यांना कुणी काढलं नव्हतं.

आणि मग बर्न, ३१ मे १९६१, युरोपियन कपाचा अंतिम सामना पोर्तुगालच्या बेन्फिकाशी. मैदान वांकडॉर्फ, म्हणजे तेच, जिथं १९५४ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हंगेरी पश्चिम जर्मनीशी ३-२ हरली. तेव्हा हंगेरी आधी २-० पुढं होती. कोचिशचं हेडर आडव्या दांड्यावर आपटलं होतं. सात वर्षांनी कोचिशनं पहिला गोल डोक्यानं केला, त्सिबोरनं दुसरा. कुबालाचा फटका एका खांबावरून दुसऱ्यावर आपटून बाहेर आला. तेव्हाचे खांब चौकोनी, गोल असते तर आत गेला असता असं बार्सिलोनाचे लोक अजून म्हणतात. निकाल ३-२, हार. त्सिबोरनं तर त्या मैदानावरच्या दोन्ही अंतिम सामन्यांत गोल केला आणि दोन्ही हरला! लोक याला नशीब म्हणतात. मी म्हणतो, दोन्ही फायनलपर्यंत गाडी आणली कुणी? यावर अर्धा तास बोलायचं होतं.

दुसरी चिठ्ठी. बरं.

खेळ थांबल्यावर तो बार्सिलोनातच राहिला. १९७९मध्ये तिथंच, आजारपणात, हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरून पडून गेला. वय ४९. २०१२मध्ये त्याच्या अस्थी बुडापेस्टला नेऊन सेंट स्टीफनच्या बॅसिलिकात ठेवल्या.

पुश्काश तिथंही सहा वर्षं आधीच जाऊन बसला होता. (हशा) चहा गार होतोय. प्रश्न बाहेर विचारा, त्या बोर्डापाशी मी उभा आहे.