इंटरव्ह्यूला काय घालावं आणि तोंड कधी उघडावं

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. मागूनच वड्यांचा वास येतोय, त्यामुळे मला किती वेळ आहे तेही कळलं.

विषय तुम्हीच दिलाय, इथे अमेरिकेत मेडिकल स्कूलच्या इंटरव्ह्यूला काय होतं आणि काय घालायचं. ग्रुपवर फ्लायर पडल्यापासून मला २१ मेसेज आले, त्यातले १९ कपड्यांचे. टाय लाल की निळा, काळा सूट अपशकुनी दिसतो का, टिकली लावू द्यावी का, एका वहिनींनी तर तीन सूटचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "ताई, १, २ की ३?" पण गंमत ऐका, २१ च्या २१ मेसेज आईबाबांचे. ज्याला इंटरव्ह्यूला जायचंय त्या पोराचा एकही नाही! माझं आजचं सगळं म्हणणं खरं तर इथेच संपतं, पण वडे अजून तळतायत तर बोलते.

आपल्या पिढीला ही भानगडच माहीत नव्हती हो. मी १९७९ ला मिरजेच्या गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेजात गेले, बारावीचे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीचे मार्क, त्यावर यादी, यादी बोर्डावर, बोर्डासमोर चेंगराचेंगरी, झालं. मला डॉक्टर का व्हायचंय हे कुणीही विचारलं नाही, मीही नाही विचारलं. आजसुद्धा तिकडे नीटचे ७२० पैकी किती त्यावर सगळं. पुण्याच्या एएफएमसीला, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजला, मात्र नीटनंतर बोलावतात, टोएलआर नावाची इंग्रजी नि तर्काची कॉम्प्युटरवरची परीक्षा असते आणि चक्क इंटरव्ह्यू असतो, पण तो आपल्यापैकी कितीजणांच्या घरात कुणी दिला असेल? आणि काय घालू हा प्रश्न एकदाच कायमचा सोडवलाय तो सेवाग्रामने. १९६९ ला गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी कॉलेज काढलं तेव्हापासून खादी. संपला विषय, १, २, ३ काही नाही.

तर मुद्दा असा की आपण आयुष्यात पहिला इंटरव्ह्यू दिला तो इथे येऊन, रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगसाठी. माझा सांगते. थोडा लांबेल.

जानेवारी १९८७. नवरा ओहायोत एमएस करत होता, मी ईसीएफएमजी, म्हणजे बाहेरून आलेल्या डॉक्टरांची इथली परीक्षा, पास होऊन घरात बसलेले, आणि डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलचं पीडियाट्रिक्ससाठी बोलावणं आलं. आईला ट्रंककॉल केला तर आई म्हणाली मोठ्या माणसांपुढे जायचंय, म्हैसूर सिल्क नेस, गर्द निळी. सूट नावाचा प्रकार मी तोवर फक्त लग्नातल्या नवऱ्यांच्या अंगावर बघितलेला. तर खाली नवऱ्याचे थर्मल, त्यावर परकर, त्यावर साडी, पायात शेजारणीचे स्नोबूट, वरून नवऱ्याचा पार्का जो मला गुडघ्यापर्यंत येत होता. पहाटे चारची ग्रेहाउंड. निऱ्या बस स्टेशनच्या बाथरूममध्ये परत घातल्या. आणि मग स्टेशनपासून हॉस्पिटलपर्यंत चालत गेले, कारण टॅक्सीचे पैसे वाचवले नाहीत तर ती मिरजची मुलगी कसली.

रस्त्यावर तो काळा चिखल झालेला बर्फ, त्यात मीठ टाकलेलं. हॉस्पिटलच्या हीटरशेजारी बसले आणि साडी वाळली तर खाली वीतभर पांढरा काठ उमटला! मिठाचा. सरळ, एकसारखा, जणू विणलेलाच. आत एक म्हातारे डॉक्टर होते, गॅलिस लावलेले, फार सज्जन माणूस. साडीकडे बघून म्हणाले, काय सुंदर, हा खालचा पांढरा भाग तुमच्याकडची डिझाइन आहे का?

मी म्हटलं, येस सर.

हसा, पण तुम्हीही हेच म्हणाला असता. मोठा माणूस बोलला तर त्याला खोटं कसं पाडायचं? मग त्यांनी विचारलं मुलांचीच डॉक्टर का व्हायचंय, मी पाठ केलेलं धडाधड म्हणून दाखवलं. मग म्हणाले, तुला काही विचारायचंय का? मी म्हटलं, नो सर, थँक यू सर. पुढच्या खोलीत दुसरे डॉक्टर, तोच प्रश्न शेवटी, नो सर. तिसऱ्या खोलीत एक बाई, नो मॅडम. चौथ्या खोलीत रेसिडेंट पोरगा, माझ्याच वयाचा, त्यालाही नो सर. मी खूश. सगळं कसं कळलं, कुणाला त्रास दिला नाही.

मार्चमध्ये मॅच लागली नाही, म्हणजे रेसिडेन्सीला कुठलंच हॉस्पिटल मिळालं नाही. मी घरी रडून सांगितलं की साडीमुळे झालं, मीठ दिसलं. ओळखीत एक पारशी सीनियर डॉक्टरबाई होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, शेवटी "काही विचारायचंय का" म्हणाले तेव्हा तू काय विचारलंस? मी म्हटलं काहीच नाही. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, अगं वेडे, तोच इंटरव्ह्यू होता!

पुढच्या वर्षी दुसरं हॉस्पिटल, साडी तीच, ड्रायक्लीन करून. या वेळी त्यांनी विचारल्यावर मी विचारलं, रात्री ॲडमिट झालेल्या मुलाची आई झोपते कुठे? कारण मिरजेला आमच्या वॉर्डात आया कॉटखाली सतरंजी टाकून झोपायच्या, राउंड घेताना आम्ही त्यांच्यावरून उड्या मारत जायचो, आणि इथे मला सगळं चकचकीत दिसलं पण आया दिसेनात. समोरचे डॉक्टर उठले, मला वॉर्डात घेऊन गेले, ती पलंग होणारी खुर्ची दाखवली, आणि त्यावरून त्यांचं तिथल्या ॲडमिनिस्ट्रेशनशी कसं भांडण चालू आहे ते २० मिनिटं सांगत बसले. तिथेच मॅच झाली.

आता माझं जुनं दुखणं काढते, तुम्हाला झोंबेल. ३५ वर्षं न्यू जर्सीत पोरं तपासतेय, त्यातली काही वर्षं एका मेडिकल स्कूलसाठी इंटरव्ह्यूही घेतले. क्लिनिकमध्ये आपलं कुटुंब आलं की मी पोराला विचारते, काय रे, कुठे दुखतंय? आणि उत्तर कोण देतं? आई. बाबा दुरुस्त करतात. पोरगा १६ वर्षांचा, सहा फूट, मिशी फुटलेली, तो छताकडे बघतोय आणि आई सांगतेय, "याला ना, दोन दिवस पोट साफ नाहीये." मी म्हणते तोच सांगू दे, तर तो आईकडे बघतो, आई मान हलवते, मग हा म्हणतो, "येस, व्हॉट शी सेड." आणि हाच पोरगा सहा वर्षांनी सूट घालून जातो नि समोरचा विचारतो, "सांग तुझ्याबद्दल." काय सांगणार? त्याच्याबद्दलची सगळी माहिती आईकडे! जेवताना त्याने "पण का?" म्हटलं की आपण म्हणतो उलटून बोलू नकोस, जेव. पोळी वाढली, विषय संपला. मग ताशी दोन-अडीचशे डॉलर देऊन कोच लावतो, तो त्याला "का" विचारायला शिकवतो. अहो फुकट येत होतं ना त्याला!

काय म्हणताय? दहा मिनिटं? अरे देवा. बरं, आता फ्लायरवरचं सांगते, भराभर.

मेमध्ये एएमकॅसचा, म्हणजे सगळ्या कॉलेजांना मिळून एकच असलेला, अर्ज उघडतो, जूनमध्ये जातो, मग एकेका कॉलेजचे निबंध, आणि बोलावणी साधारण ऑगस्टअखेरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. वर्षाला ५०,००० च्या वर अर्जदार आणि जागा २३,००० च्या आसपास, म्हणजे बोलावणं आलं ना, की ४७२ ते ५२८ मार्कवाल्या एमकॅट प्रवेशपरीक्षेचं तुणतुणं बंद करा, तो आकडा त्यांनी बघितलाय म्हणूनच बोलावलंय.

प्रकार मुख्य दोन. एक म्हणजे समोरासमोर गप्पा, अर्धा तास-तासभर, कधी तुमची फाइल वाचून बसतात, कधी मुद्दाम न वाचता. अर्जात जे जे लिहिलंय त्यातलं काहीही विचारतील, सातवीत ढोल वाजवला लिहिलं असेल तर ढोलाबद्दल. दुसरा एमएमआय, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत निघालेला, साधारण २००० नंतर. ओळीने खोल्या, दारावर चिठ्ठी, दोन मिनिटं वाचायचं, आत जाऊन आठ मिनिटं बोलायचं, घंटा, पुढची खोली. काही खोल्यांत नट असतात. माझ्याकडे बेसमेंटमध्ये सराव करतो तिथे मी एक ठेवते, हे तुझे आजोबा, यांना आता गाडी चालवू नका म्हणून सांग. आमचे हे आजोबा होतात, फार आवडीने होतात, किल्ली छातीशी धरून बसतात. एका हुशार मुलीने आठही मिनिटं त्यांना कायदा सांगितला, रिफ्लेक्सेस सांगितले, इन्शुरन्स सांगितला. घंटा वाजली. मी म्हटलं, अगं, कुठे जायचंय त्यांना ते विचारलंस का?

एमएमआयला बरोबर उत्तर क्वचितच असतं, तुम्ही विचार कसा करताय ते ऐकतात. लग्न, धर्म, मुलं कधी, असलं त्यांनी विचारायचं नसतं, ते खातं आपल्या मावश्यांकडे. शेवटच्या प्रश्नासाठी दोन खरे प्रश्न जवळ ठेवा, वेबसाइटवर उत्तर असलेले नकोत. नंतर आभाराचा चार ओळींचा ईमेल, पण पाठवू नका असं सांगितलं असेल तर पाठवू नका. आणि अर्ली डिसिजन, म्हणजे आधी एकाच कॉलेजला अर्ज करायचा प्रकार, सोडलं तर १५ ऑक्टोबरच्या आधी कुणी होकार देत नाही, रोज ईमेल उघडून बघू नका, म्हणजे आईबाबांनी.

कपडे. गडद निळा किंवा करडा सूट, काळाही चालतो, अपशकुन वगैरे काही नाही. मुलींनी पँट किंवा गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट, बूट सपाट, कारण हॉस्पिटल फिरवून दाखवतात, तासभर सहज चालवतात. टिकली रोज लावत असाल तर लावा. सेंट नको, अत्तर अजिबात नको. आणि हे लिहून घ्या, नव्या कोटाच्या मागच्या चिरेवर दुकानातून दोऱ्याची फुली घातलेली असते, ती उसवायची असते! बाहीवरचं ब्रँडचं लेबलही काढायचं असतं. मी दर वर्षी दोन तरी पोरांच्या पाठीवर ती फुली बघते. कोटाचं खालचं बटण उघडं. १, २, ३ वाल्या वहिनी, २.

२०२० पासून पुष्कळ इंटरव्ह्यू झूमवर असतात. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, उजेड समोरून, टाइम झोन दोनदा बघा, आणि त्या वेळात कुकर लावायचा नाही. तीन शिट्ट्या पार कॅलिफोर्नियापर्यंत ऐकू जातात.

झालं, एकच प्रश्न घेते. हां, तो तिसऱ्या रांगेतला, निळ्या टीशर्टातला... नाही नाही भाऊ, तुम्ही बसा. "त्याला असं विचारायचंय" नको. त्याला विचारू दे. बोल रे.

झूमवर पँट खरंच लागते का?

लागते. मधेच चार्जरची वायर निघते आणि उठावं लागतं.